धुकं खालून येतं

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाव घेऊन वर चढते.
सोरियापासून तासाभराचा रस्ता, शेवटी नुसती वळणं.
चौकात तीनदा हॉर्न देते. नऊ दारं उघडतात.
या शुक्रवारी टोपल्यांमागे एक प्रोजेक्टर होता,
आणि एउतिकियाबाईंची लग्नातली चादर
जुन्या धोबीघाटाच्या भिंतीवर चार खिळ्यांनी ताणलेली.

पिक्चर त्यांच्याच गावाचा.
माद्रिदची माणसं येऊन तीन आठवडे राहिली होती,
बंद घरांतून दिवे लावले होते त्यांनी,
भीती वाटावी म्हणून.

खाली शहरात सगळ्यांचा बघून झालाय.
भाचा म्हणाला, संथ आहे, पहिला अर्धा तास वाया.
त्याची मैत्रीण आठवडाभर दिवा लावून झोपली.
माझ्या दातांच्या डॉक्टरने हातातलं यंत्र थांबवून सांगितलं,
बाकी सगळं पटतं हो,
पण असं गाव असतं का कुठे?
तोंड उघडं होतं माझं. बोलता आलं नाही.

वर मात्र पहिल्याच दृश्याला सातुरियोने काठी आपटली.
धुकं खोटं आहे.
आपलं धुकं खालून येतं, नदीकडून,
आधी गुडघ्यांना कळतं, मग डोळ्यांना.
हे तर कुणी गच्चीवरून ओतल्यासारखं.

मग ओनोरिनो आला पडद्यावर, हातात विळा.
खुर्चीतला ओनोरिनो लाजून टोपी चुरगळू लागला.
म्हणाले, त्या पोरीकडे द्वेषाने बघा.
मला जमेना. गोड पोरगी, रोज माझ्यासाठी कॉफी आणायची.
शेवटी म्हणाले, आजोबा, सूर्याकडे बघा.
तर तो द्वेष नाही, ते ऊन आहे.

खिडकीत मेलेली बाई उभी राहिली.
कासिल्दा म्हणाली, पळतात काय मूर्खासारखे!
ये म्हणावं, बस म्हणावं,
तिकडे कोण कोण भेटलं ते विचारावं.

आणि मग ती जागा आली,
जिथे थिएटरात लोक एकमेकांचे दंड धरतात:
पोरगी गल्लीतून धावते आहे,
एकेक दार बडवते आहे, एकही उघडत नाही.
इथे कुणी दंड धरला नाही.
ते कसं उघडेल, निएव्हेस म्हणाली, ते बिल्बाओला गेले.
ते हिरवं, फेलिसासचं, जर्मनी, एकाहत्तर साली.
ते जुळ्या भावांचं. एक सारागोसात, दुसऱ्याचं माहीत नाही.
ते माझंच, माहेरचं.
पोरगी किंचाळत होती
आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला
अंधारातून कुणीतरी पत्ता सांगत होतं.

पुढे मशालींची मिरवणूक.
मुखवटे, काळे झगे, माद्रिदहून आणलेली पंचवीस माणसं,
आणि डावीकडून तिसरा, मुखवटा नीट न बसलेला,
नाक पुसत चाललेला प्रुदेन्सियो.
फेब्रुवारीत गेला तो.
मला ठाऊक होतं, त्याचा पाव कमी करून चार महिने झाले,
पण तो यात आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एउतिकियाबाई उठल्या. नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या,
सावली चादरीवर, अर्धी मिरवणूक झाकलेली.
कुणी बसा म्हटलं नाही.
मागे घे, त्या म्हणाल्या.
मी मागे घेतलं. तो उलटा चालत अंधारात गेला,
पुन्हा आला, पुन्हा नाक पुसलं.
सर्दीच होती त्याला, त्या म्हणाल्या. मी सांगत होते, मफलर घाल.
परत.

सात वेळा की आठ, मोजलं नाही.
खून कुणी केला ते आम्हाला कळलंच नाही.

चादर काढताना सातुरियो माझ्यामागे येऊन उभा राहिला.
आणि ती घंटा, तो म्हणाला, लिहून कळव त्यांना,
बारा ठोके पडतात त्यात.
आपल्या घंटेची जीभ पडून चाळीस वर्षं झाली.
हो म्हटलं, कळवते.
चादरीला चार भोकं पडली होती.
एउतिकियाबाई म्हणाल्या, राहू दे,
आणि घडी घालायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं.